भोंग्यामागचं लोखंड

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात मंडप डेकोरेशनच्या धंद्यातली एकही वस्तू गेल्या चाळीस वर्षांत जागेवर राहिलेली नाही. बांबू गेले, लोखंडी पाइप आले. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या गेल्या, ट्यूबलाइट आल्या, त्या जाऊन एलईडीच्या माळा आल्या. गाणी तबकडीवरून कॅसेटवर गेली, कॅसेटवरून सीडीवर, आणि सीडी कधी आली, कधी गेली हे कळायच्या आत साउंडवाल्याच्या खिशातल्या पेन ड्राइव्हमध्ये जाऊन बसली. बैलगाडीतून येणारं सामान आता छोट्या हत्तीतून येतं. एवढ्या उलथापालथीत एक पेटी मात्र होती तशी आहे. मंडपाच्या मागच्या कोपऱ्यात, डुगडुगत्या टेबलावर, सतरंजीची घडी खाली घालून ठेवलेली. समोर ओळीनं बटणं: माइक एक, दोन, तीन, मग ऑक्स, मग बास आणि ट्रेबल, शेवटी मास्टर. मागच्या अंगाला भोंग्यांच्या तारा आवळायचे स्क्रू आणि बॅटरी जोडायची जागा. हे अहुजाचं मशीन.

अ‍ॅम्प्लिफायर हा शब्द साउंडवाला गिऱ्हाइकाच्या बिलावर लिहितो. बोलताना ते नुसतं मशीन. अजिंठ्याच्या डोंगरानं आमच्या जिल्ह्याचे दोन भाग केलेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा ही घाटावरची गावं; मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखालची. दोन्हीकडची बोली वेगळी, ऊन वेगळं, आणि सोयरिकीची बोलणी सुरू झाली की एकमेकांना मारायचे टोमणेही वेगळे. मशीन मात्र एकच. कंपनी दिल्लीची, १९४० साली सुरू झालेली. तिची जाहिरात कुठे पाहिल्याचं मला आठवत नाही. भोंग्याच्या तोंडावर नाव रंगवलेलं असतं आणि भोंगा देवळाच्या कळसाजवळ बांधलेला असतो. आणखी जाहिरात कशाला लागते?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला मास्तर. मास्तर असला की गावाला वाटतं, याला बोलता येतं. त्यामुळे ध्वजवंदनापासून सत्यनारायणापर्यंत आणि हरिनाम सप्ताहापासून शेतकरी मेळाव्यापर्यंत सूत्रसंचालन माझ्याकडे. या पेटीशी माझी ओळख झाली ती समोरून, माइकच्या बाजूनं. माइकसमोर उभा राहणारा माणूस एका गोष्टीला घाबरतो, ती म्हणजे मधेच आवाज जाणं. शिट्टी वाजली तर लोक हसतात, खरखर झाली तर कपाळाला आठ्या घालतात, पण आवाज गेला की पाचशे माणसं एकदम एकमेकांशी बोलायला लागतात आणि पुन्हा गप्प होत नाहीत. कीर्तनकार बुवांचा अभंगाचा चढ अर्ध्यावर राहतो. मृदंगवाला हात उचलून साउंडवाल्याकडे पाहतो. तो क्षण ज्यानं भोगलाय त्याला मशीनच्या गुणांची यादी द्यावी लागत नाही.

याच जगाच्या दुसऱ्या टोकाला असलेला अ‍ॅम्प्लिफायर मी पुण्यात पाहिला. माझा मामेभाऊ चाकणच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. पगार मोठा आणि छंद त्याहून मोठा. त्याच्या दिवाणखान्यात मॅकिंटॉशची पेटी आहे. हा संगणकवाला मॅकिंटॉश नव्हे. उलट अ‍ॅपल कंपनीला आपल्या संगणकासाठी ते नाव वापरायची परवानगी या आवाजवाल्यांकडून घ्यावी लागली होती. फ्रँक मॅकिंटॉश या अमेरिकन इंजिनिअरनं १९४९ मध्ये ही कंपनी काढली आणि दोनेक वर्षांत ती न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन या गावी नेली. आजही ती तिथेच आहे. काळ्या काचेचा दर्शनी भाग, त्यावर हिरव्या उजेडात नाव, आणि काही मॉडेलांना निळ्या तबकड्यांचे दोन काटे. गाणं चढलं की काटे उठतात. माझ्या भावानं या पेटीसाठी किती पैसे मोजले हे वहिनींना माहीत नाही, म्हणून मीही लिहीत नाही.

या कंपनीचं एमसी २७५ नावाचं मॉडेल १९६१ साली निघालं. व्हॉल्व्हचं मशीन, दोन्ही बाजूंना ७५-७५ वॉट, वजन सुमारे तीस किलो. मध्यंतरी ट्रान्झिस्टर आले, व्हॉल्व्हचा जमाना संपला असं सगळे म्हणाले आणि हे मॉडेल बंद झालं. १९९३ मध्ये कंपनीनं ते पुन्हा काढलं, फ्रँक मॅकिंटॉश यांचे सहकारी गॉर्डन गाउ यांच्या स्मरणार्थ म्हणून, आणि लोकांनी ते असं उचललं की सुधारत सुधारत ते आजही बनतंच आहे. साठ वर्षांपूर्वीचा फोन, मोटार, टीव्ही नवा कोरा मागायला दुकानात कुणी जात नाही. अ‍ॅम्प्लिफायर मागायला जातात.

भावानं कुमार गंधर्वांची तबकडी लावली आणि मला समोरच्या खुर्चीवर नेमक्या जागी बसवलं. अर्धा हात इकडे-तिकडे सरकायची परवानगी नव्हती. आवाज उत्तम होता. तानपुऱ्याच्या चारही तारा मोजून घ्याव्यात इतका स्वच्छ. पण अंगावर काटा येईल असं त्यानं मला सांगून ठेवलं होतं, तसा काही आला नाही. मी विचारलं, यात आणि चांगल्या दहा-पंधरा हजारांच्या पेटीत फरक किती? तो म्हणाला, "दादा, हा प्रश्न आमच्यात विचारत नाहीत."

हा प्रश्न एका माणसानं मात्र विचारला होता, आणि पैसे लावून. अमेरिकेत रिचर्ड क्लार्क नावाच्या आवाजतज्ज्ञानं जाहीर आव्हान दिलं: दोन अ‍ॅम्प्लिफायर घ्या, एक कितीही महाग, एक कितीही स्वस्त. दोन्हींचा आवाज मोजून तंतोतंत सारखा करायचा, कुठलंही मशीन त्याच्या ताकदीपलीकडे रेटायचं नाही, मग डोळ्यांआड ऐकवायचं. कोणतं कुठलं हे सलग अचूक ओळखणाऱ्याला दहा हजार डॉलर. वर्षानुवर्षं लोक येत राहिले, शौकीन आले, विक्रेते आले, आणि बक्षिसाची रक्कम क्लार्ककडेच राहिली. शास्त्राच्या बाजूनं यात नवल नाही. अ‍ॅम्प्लिफायरचं काम आलेली लाट मोठी करून पुढे देणं एवढंच. आपलं काही मिसळायचं नाही, आलेलं काही गाळायचं नाही. ज्याला हे काम नीट जमलं ते प्रत्येक मशीन सारखंच ऐकू येणार.

मग लोक अशा मशीनसाठी जीव का टाकतात? माझं मत असं की कानाचा यात वाटा आहे तो थोडा. माणूस जीव लावतो खात्रीला. उद्या सकाळी बटण दाबल्यावर हे सुरू होईल, बिघडलं तर उघडता येईल, आणि बनवणारा दहा वर्षांनीही ओळख दाखवेल, या तीन गोष्टींना. पुण्यातला शौकीन हे कबूल करणार नाही. तो सूर, पोत, अवकाश असले शब्द वापरील. खामगावचा साउंडवाला लगेच कबूल करतो, कारण त्याचं पोट त्यावर आहे.

मॅकिंटॉशवाल्यांनी ही खात्री कशी कमावली त्याचा एक किस्सा मला फार आवडतो. १९६२ पासून त्यांचे तंत्रज्ञ मोजमापाची यंत्रं घेऊन गावोगावच्या दुकानांत जायचे. लोकांनी आपापले अ‍ॅम्प्लिफायर घेऊन यायचं, कुठल्याही कंपनीचे चालतील. ते फुकट तपासून द्यायचे आणि तुमचं मशीन किती शुद्ध आहे याचा आलेख कागदावर काढून हातात ठेवायचे. मशीन मॅकिंटॉशचं असेल आणि ते छापील आकड्यांत उतरत नसेल तर दुरुस्तही करून द्यायचे. डोळ्यांच्या शिबिरासारखी ही शिबिरं पुढे जवळपास तीस वर्षं चालली. दुसऱ्याच्या मशीनचा आलेख वाकडा निघायचा तेव्हा त्यांना काय गोड वाटत असेल ते सोडा. पण आमचं मशीन मोजा असं म्हणायला छाती लागते.

खात्रीचं दुसरं नाव लोखंड. हे शब्दशः. अहुजा आणि मॅकिंटॉश, दोन्ही मशिनं उचलून पाहा, एका बाजूला जड लागतात. त्या बाजूला ट्रान्सफॉर्मर असतो: लोखंडाच्या पातळ पत्र्यांची चवड आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे. एक ट्रान्सफॉर्मर विजेचा, तो सगळ्यांकडे असतो. दुसरा आवाजाचा. व्हॉल्व्हच्या काळात तोही जवळपास सगळ्यांकडे होता, कारण त्याच्याशिवाय व्हॉल्व्हचा आवाज स्पीकरपर्यंत नीट पोचायचा नाही. जास्त ताकदीच्या मशीनमध्ये दोन व्हॉल्व्ह आळीपाळीनं काम करतात. लाटेचा वरचा अर्धा भाग एक उचलतो, खालचा दुसरा. एकानं सोडलं आणि दुसऱ्यानं पकडलं त्या सांध्यावर लाटेत बारीक खाच पडते आणि कानाला ती टोचते. फ्रँक मॅकिंटॉश आणि गाउ यांनी ट्रान्सफॉर्मरचे दोन वेढे वेगवेगळे न गुंडाळता दोन तारा शेजारी-शेजारी धरून एकत्रच गुंडाळले. त्यामुळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाताना मधे फट राहिली नाही. ही युक्ती म्हणजे कंपनीचं भांडवल. पुढे ट्रान्झिस्टर आले. त्यांना आवाजाचा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, ते स्पीकर थेट चालवतात. बहुतेक कंपन्यांनी हा खर्चाचा आणि वजनाचा गोळा काढून टाकला. मॅकिंटॉशनं आपल्या मोठ्या मॉडेलांत तो ठेवला.

आमच्या मंडपातल्या मशीननंही तो ठेवला. कारण वेगळं, आणि मला विचाराल तर जास्त सज्जड. दिवाणखान्यात स्पीकर पेटीपासून दोन हातांवर असतो. आमच्याकडे मशीन देवळात, एक भोंगा कळसाजवळ, दुसरा वेशीवर, तिसरा पार नव्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीवर. मधे पाचशे-सातशे मीटर बारीक तार, तीही ठिकठिकाणी गाठी मारून जोडलेली. शंभर वॉटचा आवाज आठ ओहमच्या स्पीकरला थेट पाठवायचा तर सुमारे २८ व्होल्टवर साडेतीन अँपिअर प्रवाह तारेतून जातो. तोच आवाज ट्रान्सफॉर्मरनं १०० व्होल्टला चढवून पाठवला तर प्रवाह एक अँपिअर. तारेत फुकट जाणारी ताकद प्रवाहाच्या वर्गानं बदलते, म्हणून तोटा साडेबारा पटीनं कमी. पलीकडे भोंग्याजवळचा छोटा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट पुन्हा उतरवतो. वीज कंपन्या पारसच्या केंद्रातली वीज उच्च दाबावर चढवून आणतात आणि गावाबाहेरच्या डीपीवर उतरवतात, त्यामागचं गणितही हेच. आठवीच्या वर्गात ओहमचा नियम शिकवताना मी पाठ्यपुस्तक मिटून हे उदाहरण द्यायचो. मुलं देवळात जाऊन तारा तपासून यायची.

भोंग्याचं गणित तर त्याहून मजेचं. घरातला चांगला स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर साधारण ८७-८८ डेसिबल आवाज देतो. भोंगा, त्याच्या घडीच्या नळीमुळे, तेवढ्याच एका वॉटवर १०७-१०८ पर्यंत जातो. वीस डेसिबलचा फरक म्हणजे ताकदीत शंभर पट. भोंग्याचा एक वॉट म्हणजे माझ्या भावाच्या दिवाणखान्यातले शंभर वॉट. या ताकदीची किंमत भोंगा वेगळ्या रीतीनं वसूल करतो. खर्ज त्याला येत नाही, वरची झिलईही येत नाही. माणसाच्या बोलण्याचा मधला पट्टा तेवढा तो नेमका फेकतो. म्हणून भोंग्यातून मृदंग डब्यासारखा वाजतो आणि पोलिओ डोसची सूचना शिवारातल्या माणसालाही शब्दन् शब्द कळते. संगीतासाठी हे माध्यम वाईट आहे हे मान्य. निरोपासाठी त्याच्याइतकं स्वस्त आणि लांब जाणारं दुसरं काही आमच्याकडे आलेलं नाही. सैलानीच्या यात्रेत हरवलेलं पोर आणि त्याची आई यांची गाठ घालून देणारं मशीन हेच. हिवरा आश्रमला विवेकानंद जयंतीच्या महाप्रसादाला शेतात पंगती बसतात, पुरी-भाजी ट्रॅक्टरमधून येते आणि ती पंगत म्हणजे लाखालाखाची. तिथे भोंगा नसेल तर कोण कुणाला सांगणार? अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भेंडवळच्या घटमांडणीचं भाकीत सांगतात. ते खरं ठरो न ठरो, मागच्या रांगेतल्या शेतकऱ्याला ऐकू आलं पाहिजे.

खामगावात एका मेकॅनिककाकांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर जळाल्याचे डाग, रोझिनचा वास, आणि भिंतीला टेकून उघडी मशिनं. मी शाळेचं मशीन घेऊन तिथे जायचो. अशा दुकानात माणूस लवकर उठत नाही. काका बोलत बोलत काम करायचे. एकदा शेजारी नव्या पद्धतीचं एक हलकं मशीन पडलं होतं, दोन हजार वॉटचं, आणि कॉलेजचा पोरगाही एका हातानं उचलील एवढ्या वजनाचं. मी म्हटलं, काका, हे बरं, पाठ मोडत नाही. ते म्हणाले, "सर, थे मेलं त मेलं. कुठं मेलं थे सांगत नाही. हे आपलं बुढं मशीन पाहा, कुठं दुखून राह्यलं थे सोता सांगते."

यातलं तंत्र खरं आहे. नव्या मशीनमध्ये जड ट्रान्सफॉर्मरऐवजी स्विचिंगची वीज आणि आवाजाचाही स्विचिंगचाच रस्ता असतो. शंभरातली नव्वद वॉट वीज स्पीकरपर्यंत पोचते, उष्णता कमी, वजन कमी. अभियांत्रिकी म्हणून ते वरचढच. पण सुटे भाग मोहरीएवढे, सर्किट बोर्डावर चिकटवलेले, आणि एक गेला की सोबत चार घेऊन जातो. जुन्या मशीनमध्ये भाग बोटांत धरता येतात. घूं असा आवाज येतोय म्हणजे विजेचा कॅपॅसिटर थकला. बटण फिरवताना खरखर म्हणजे त्याच्या आतली पट्टी घासली. आवाज फाटतोय म्हणजे जोडीतला एक ट्रान्झिस्टर गेला. खामगावच्या त्या टेबलावर धातूच्या टोपीचे ट्रान्झिस्टर गोट्यांसारखे वाटीत ठेवलेले असायचे. त्यात २एन३०५५ पुष्कळ. हा ट्रान्झिस्टर अमेरिकेतल्या आरसीए कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला काढला आणि तो अजून मिळतो. मेकॅनिक त्याला नुसतं थर्टी फिफ्टी-फाइव्ह म्हणतात. घाटाखालच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ला टेकलेला असताना, लग्नाच्या मांडवात दिवसभर तापून हे मरतात, आणि संध्याकाळच्या वरातीआधी बदलून होतात. कंपनीनं मशीन उघडता येईल असं बनवलं, बाजारानं भाग पुरवले, आणि मेकॅनिकनं हात दिला. या तिघांपैकी एकानं जरी साथ सोडली असती तर अहुजा हे नाव आज भोंग्यावर दिसलं नसतं.

बॅटरी जोडायच्या जागेचं मी सुरुवातीला म्हटलं. ते शहरातल्या वाचकाला किरकोळ वाटेल. लोडशेडिंगची वर्षं ज्यांनी विदर्भात काढली त्यांना वाटणार नाही. बारा-बारा तास वीज नसायची. सप्ताह मात्र अखंड असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, नंतर जागर. महावितरणचं वेळापत्रक पाहून हरिनाम थांबत नाही. तेव्हा ट्रॅक्टरची बॅटरी मंडपात यायची, मोठं मशीन असलं तर दोन बॅटऱ्या एकाला एक जोडून चोवीस व्होल्ट. दिवे जायचे, पंखे थांबायचे, बुवांचा आवाज चालू राहायचा. अंधारात टाळांबरोबर तो आवाज ज्यानं ऐकलाय अशा माणसाला दिल्लीच्या त्या कारखान्याबद्दल आपुलकी वाटली तर ती जाहिरातीनं आलेली नाही.

आवाजाच्या यंत्रांचा आपल्याकडचा थोर वारसा खरं तर मुंबईचा आहे, आणि आपण तो विसरलो. गांधीजींचे, नेहरूंचे सभेतले जुने फोटो पाहा. माइकच्या पुढे बऱ्याचदा एक पाटी दिसते: शिकागो. लहानपणी मला वाटायचं, ही भाषणं अमेरिकेत झाली असावीत. शिकागो रेडिओ ही मोटवाने या सिंधी कुटुंबाची मुंबईतली कंपनी. १९३०च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना नानिक मोटवाने यांनी लाऊडस्पीकर पुरवले. त्याआधी लाखाच्या सभेत पुढाऱ्याचं बोलणं पुढच्या काही रांगांपर्यंत पोचायचं. मागचे लोक दर्शनावर समाधान मानायचे. १९४२च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, जागा बदलत बदलत चालवला आणि नोव्हेंबरात ते पकडले गेले. त्या खटल्यात नानिक मोटवानेही आरोपी होते. पुढे ते सुटले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. एका अ‍ॅम्प्लिफायरवाल्यानं ज्या पुढाऱ्यांचा आवाज मोठा केला त्यांच्यासाठी कोठडीही पाहिली, अशी गोष्ट मॅकिंटॉशच्या इतिहासात नाही. तिथे दुसरी आहे: १९६९च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकच्या माळावर चारेक लाख तरुणांसमोर गाणी झाली, त्या भोंग्यांमागे बिल हॅन्ले यांनी मॅकिंटॉशचीच मशिनं जोडली होती. दिवाणखान्यातल्या निळ्या काट्यांचं हे उघड्या माळावरचं रूप माझ्या भावाला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याला जरा राग आला. मोटवाने हे नाव आमच्या भागात टिकलं ते मात्र मल्टिमीटरवर. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या पोरांना ते माहीत असतं, पाटीवरचं शिकागो माहीत नसतं.

आता कडू भाग. खात्रीचं मशीन हातात आलं की मास्टरचं बटण किती फिरवायचं हे ठरवणारा माणूस खात्रीचा असेलच असं नाही. आवाजाच्या प्रदूषणाचे केंद्राचे नियम २०००चे. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षाकाठी जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २००५ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलं. या आकड्यांशेजारी भोंग्याचे १०८ ठेवून पाहा. एक मीटरवरचे १०८, अंतर दुप्पट झालं की सहानं घटत घटत, शंभर मीटरवर ६८ राहतात, आणि हे एका वॉटचे. रात्री नऊला सुरू होणारं कीर्तन अकराला संपतं आणि काकडा सूर्याआधी असतो, म्हणजे आमची परंपरा दोन्ही टोकांना नियमाला धडकते. यावर गावात भांडणं होतात. माझी बाजू सरळ आहे: कीर्तनाला दहानंतर भोंगा कशाला हवा? ऐकणारे मंडपात बसलेले असतात. न आलेल्यांना अंथरुणात ऐकवायचा अट्टहास हा वारकरी शिस्तीत बसत नाही. पखवाज आणि टाळ कुठल्याही मशीनशिवाय शेकडो वर्षं मंडप भरून टाकत आले आहेत.

मिरवणुकीतल्या डीजेबद्दल लिहायला बसलो तर हा लेख लेख राहणार नाही. ट्रकभर डबे, छाती हादरवणारा खर्ज, दवाखान्यासमोरही न उतरणारा आवाज. त्यात साउंडवाल्याचा दोष कमी आणि पैसे मोजणाऱ्या मंडळाचा जास्त. गंमत म्हणजे त्या ट्रकवर अहुजाचं जुनं मशीन क्वचितच दिसतं. त्याला तो खर्ज झेपत नाही. बोलण्यासाठी बनलेलं मशीन तिथे कामाचं नाही, हे मला त्याचं सर्टिफिकेट वाटतं.

मॅकिंटॉश २०२४च्या नोव्हेंबरात विकली गेली. घेतली बोस कंपनीनं. बोस कंपनी ज्यांनी काढली त्या अमर बोस यांचे वडील बंगालमधून अमेरिकेला गेलेले. भाऊ अस्वस्थ झाला, आता दर्जा घसरणार म्हणून. मी त्याला म्हटलं, तुझ्या पेटीतलं लोखंड कुणी काढून नेणार नाही. नवीन मालक काय करतो ते दहा वर्षांनी कळेल. दर्जा पाहायचा असेल तर एक साधी कसोटी आहे: जुन्या मॉडेलचे भाग अजून मिळतात का, आणि पेटीचे स्क्रू अजून सुटतात का. ही कसोटी मी मिक्सरला लावतो, पंपाला लावतो, मोबाइललाही लावून पाहिली आणि निराश झालो.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. तुमच्या गावच्या देवळाच्या माळ्यावर, शाळेच्या स्टोअररूममध्ये किंवा ग्रामपंचायतीच्या कपाटावर जुनं मशीन पडलं असेल. भंगारवाला त्याच्याकडे तांबं म्हणून पाहतो आणि किलोच्या भावानं मागतो. देऊ नका. खाली उतरवा, धूळ झटका, उंदरांनी तारा कुरतडल्यात का ते पाहा. थेट प्लगला लावू नका. वर्षानुवर्षं पडून कॅपॅसिटर वाळलेले असतात आणि एका झटक्यात ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. माहीतगार मेकॅनिककडे न्या, तो शंभर वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये घालून ते हळूच जागं करील. बल्ब भगभगला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंदावला तर मशीन जिवंत आहे. कॅपॅसिटर बदलायला फार खर्च येत नाही. मग शाळेला देऊन टाका. पंधरा ऑगस्टला लागतंच.